वाफसा थांबत नाही

काळी जमीन शेतकऱ्याला फार थोडा वेळ देते. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की दोन-तीन दिवस ती इतकी चिकट असते की तिच्यात औत चालत नाही. मग वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येतो, आणि ऊन तापले, वारा सुटला तर तो आठवडाभरही टिकत नाही. त्या मोजक्या दिवसांत पेरणी साधली तर साधली. बुलढाणा जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक शेती कोरडवाहू आहे, आणि कापूस, सोयाबीन, तूर ही पिके याच वाफशाच्या भरवशावर पेरली जातात. म्हणून या जिल्ह्यातल्या डिझेल इंजिनाचा इतिहास वाचताना अश्वशक्ती आणि किंमत यांच्याही आधी एक प्रश्न विचारावा लागतो: इंजिन बंद पडले तर ते किती वेळात पुन्हा चालू होते? ट्रॅक्टर, जीप आणि जेसीबीच्या मालकांमध्ये आज जुना यांत्रिक पंप बरा की सेन्सरवाले नवे इंजिन बरे, असा वाद चालतो. त्या वादात दोन्ही बाजू फक्त यंत्राकडे पाहतात. माझे म्हणणे असे की जुन्या इंजिनाचा भरवसा त्याच्या लोखंडात होता त्याहून अधिक तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचलेल्या दुरुस्तीच्या ज्ञानात होता. ते ज्ञान आपोआप उगवलेले नव्हते, तीस-चाळीस वर्षे खपून ते उभे केले गेले. नव्या इंजिनाच्या बाबतीत ते काम झालेले नाही, आणि ते का झाले नाही हा यंत्रशास्त्राचा प्रश्न नाही.

या जिल्ह्यात यंत्राची ताकद पहिल्यांदा आली ती कापसामुळे. खामगावची कापसाची बाजारपेठ एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातल्या मोठ्या पेठांपैकी एक होती. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, यावरूनच त्या पेठेचे वजन कळते. पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, वाफेच्या इंजिनावर सरकी वेगळी होऊ लागली, गाठी बांधल्या जाऊ लागल्या. पण वाफेचे इंजिन एका जागी उभे राहणारे होते. त्याला बॉयलर लागे, कोळसा लागे, चांगले पाणी लागे आणि चोवीस तास लक्ष देणारा माणूस लागे. ज्याच्याकडे कारखाना त्याच्याकडेच यंत्र, असा तो काळ. शेतकरी गाडीभर कापूस घेऊन त्या यंत्राच्या दाराशी जाई. यंत्र त्याच्या बांधावर कधीच आले नाही. रुडॉल्फ डिझेलने आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी १८९२ मध्ये अर्ज केला आणि १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन नीट चालले, तेव्हा बॉयलरची गरज संपली खरी. पण ती पहिली इंजिनेही अवजड आणि जागेवर बसणारीच होती. डिझेल सर्रास चाकांवर चढले ते १९२७ नंतर, बॉश कंपनीने लहान, नेमका आणि मोठ्या संख्येने बनवता येणारा इंजेक्शन पंप बाजारात आणला तेव्हा. त्या पंपावर पुढे यायचे आहे, कारण सगळ्या वादाची किल्ली त्याच्यात आहे.

शेतकऱ्याच्या मालकीचे पहिले इंजिन आले ते विहिरीवर. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीने १९३०च्या सुमारास आणलेले संथ चालीचे आडदांड इंजिन, सहा अश्वशक्तीचे आणि मिनिटाला ६५० फेऱ्यांचे, हिंदुस्थानात इतके रुजले की स्वातंत्र्यानंतर राजकोटच्या लहान-मोठ्या कारखान्यांनी त्याच घडणीची इंजिने वर्षानुवर्षे बनवली. १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि तिचे पाच अश्वशक्तीचे उभे इंजिन विहिरीवरच्या मोटेची जागा घेऊ लागले. बुलढाणा जिल्ह्यात हा प्रसार सगळीकडे सारखा झाला नाही. घाटावर, म्हणजे चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या भागात, विहिरीला गोडे पाणी लागे तिथे इंजिनाला काम होते. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूंना खारपाणपट्टा पसरलेला आहे; तिथल्या बऱ्याच गावांत जमिनीखालचे पाणी पिकाला देण्याजोगे नसते, म्हणून तिथे विहिरीवरच्या इंजिनाला तितका वाव नव्हता. १९७२चा दुष्काळ आणि पुढे वर्षानुवर्षांचे भारनियमन, यांमुळे वीज आलेल्या गावांतही इंजिन हाताशी ठेवावे लागले. हंडेल मारायचे, वेग आला की डिकॉम्प्रेशनचा खटका पाडायचा, आणि धुराचा पहिला भपका सोडून इंजिन चालू व्हायचे. बॅटरी लागत नसे, विजेची एक तारसुद्धा लागत नसे. डिझेलवर चालणाऱ्या यंत्राशी या जिल्ह्याची ओळख झाली ती अशी, आणि गावागावांत इंजिन खोलणारा माणूस तयार होऊ लागला तोही इथूनच.

ट्रॅक्टर आला तो आणखी निकडीच्या कामासाठी. पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि दगडासारखी होते. हरळी आणि कुंदा तिच्यात इतके खोल मुळे धरतात की लोखंडी नांगराला दोन-तीन बैलजोड्या जुंपूनही एका उन्हाळ्यात थोडेच रान नांगरून होई. १९५९ मध्ये आयशरने फरिदाबादला ट्रॅक्टर बनवायला घेतले, पुढे टॅफेने दक्षिणेत मॅसी फर्ग्युसनचे. पण महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची घटना १९६३ची. त्या वर्षी महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ हा ट्रॅक्टर बनू लागला. त्या २७५ या आकड्याचे घराणे आजही विकले जाते. १९७१ मध्ये एचएमटीचा झेटर, १९७४ मध्ये स्वराज आला, आणि १९६९च्या बँक राष्ट्रीयीकरणानंतर कर्जाची वाट थोडी मोकळी झाली तसे ट्रॅक्टर खेड्यांत दिसू लागले. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, तेव्हा महिंद्राने जीपमध्येही डिझेल इंजिन घातले, आणि ते या ट्रॅक्टरच्याच इंजिनाचे भावंड होते. पुढे बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या घडणीचे इंजिन घेऊन ट्रॅक्स आणली. राजूर घाट चढणारी काळी-पिवळी असो की सातपुड्याच्या पायथ्याशी अंबाबरव्याकडच्या कच्च्या वाटेने जाणारी कमांडर जीप असो, त्यांच्या बॉनेटखालचे यंत्र आणि शेतातल्या ट्रॅक्टरचे यंत्र एकाच रीतीचे होते. एक फिटर दोन्ही खोलू शकत होता. या गोष्टीकडे इतिहासात फारसे कोणी लक्ष दिलेले नाही, पण माझ्या मते जिल्ह्यातल्या दुरुस्तीच्या धंद्याचा पाया या एकसारखेपणाने घातला.

आता त्या पंपाकडे. जुने इंजिन ‘साधे’ होते, कोणीही दुरुस्त करू शके, असे आज सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. इंजिनाचा मोठा भाग, म्हणजे हेड, पिस्टन, लायनर, रिंगा, बेअरिंग, खरोखरच पाना-हातोडीच्या आवाक्यातला होता. पण इंजेक्शन पंप आणि नोझल तसे नव्हते. इन-लाइन पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक छोटा दट्ट्या असतो. तो ज्या नळीत वरखाली होतो तिच्यात आणि दट्ट्यात मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागाइतकी फट असते. त्याहून जास्त झाली तर दाब बसत नाही. दट्ट्याच्या अंगावर तिरकी खाच कापलेली असते, आणि रॅकच्या साहाय्याने दट्ट्या थोडा फिरवला की त्या खाचेमुळे डिझेल कमी किंवा जास्त सुटते. ट्रॅक्टरवर ओझे आले, फेऱ्या कमी झाल्या, की गव्हर्नरमधली फिरती वजने आत येतात आणि रॅक पुढे सरकून डिझेल वाढते. म्हणजे पाहायचे, मोजायचे आणि निर्णय घ्यायचा, हे आज ज्याला संगणक म्हणतात त्याचेच काम तिथे वजने, स्प्रिंगा आणि खाचा करत होत्या. हे यंत्र गावच्या पारावर बसून दुरुस्त होणारे नव्हतेच. पन्नासच्या दशकात खेड्यातल्या माणसासाठी तो पंप जितका अगम्य होता, तितकाच आज ईसीएमचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा, डबा आहे.

मग तो सुगम झाला कसा? १९५१ मध्ये बंगळूरला बॉशच्या सहकार्याने मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, निघाली आणि इंजेक्शन पंप देशात बनू लागले. पुढे नाशिकला सातपूरमध्ये तिने नोझल-इंजेक्टरचा मोठा कारखाना काढला. आयात निर्बंधांच्या त्या काळात परदेशातून सुटे भाग मागवणे अवघड होते, त्यामुळे कंपन्यांना स्वतःच्याच सोयीसाठी दुरुस्ती गावोगाव पोहोचवावी लागली. पंप खोलून टेस्ट बेंचवर चढवायचा, प्रत्येक नळीतून ठरावीक फेऱ्यांत किती घन सेंटिमीटर डिझेल पडते ते काचेच्या नळ्यांत मोजायचे, सगळ्या नळ्या सारख्या करायच्या, गव्हर्नर लावायचा आणि शिसाचे सील मारायचे, याला बाजारात ‘पंप कॅलिब्रेशन’ म्हणतात. त्यासाठी लागणारे आकड्यांचे तक्ते कंपनी छापून देत असे, हत्यारे विकत मिळत, माणसांना प्रशिक्षण मिळे. ‘पंप-नोझल’ अशी पाटी लावलेली दुकाने आधी मोठ्या शहरांत, मग जिल्ह्याच्या आणि शेवटी तालुक्याच्या बाजारपेठांत उघडली. १९५० पासूनच्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’चा ट्रेड चालू होता. राजकोट, लुधियाना या शहरांतून सुट्या भागांचा पुरवठा होत होता, आणि एका कंपनीचा भाग दुसऱ्याच्या इंजिनात बसत होता, निदान बसवता येत होता. या सगळ्यांची बेरीज म्हणजे जुन्या इंजिनाचा नावाजलेला ‘भरवसा’. गावातल्या मिस्त्रीने एअर काढायची, फिल्टर बदलायचा, टॅपेट लावायचे. पंप त्याच्या हाताबाहेर गेला तर तो सोडवून पिशवीत घालून एसटीने तालुक्याला न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. वाफसा हातचा जात नसे तो या व्यवस्थेमुळे.

जुन्या इंजिनाचे गोडवे गाताना त्याचे दोष झाकायचे कारण नाही. पहिला दोष त्याच्या रचनेतच आहे. यांत्रिक पंपात डिझेलचा दाब इंजिनाच्या वेगावर अवलंबून असतो. चिकट रानात पलटी नांगर अडला, इंजिनाच्या फेऱ्या पडल्या, की नेमक्या त्याच वेळी दाब घटतो, डिझेलची फवार जाडसर होते, ते नीट जळत नाही आणि नळकांड्यातून काळा धूर येतो. धूर म्हणजे पैसे देऊन घेतलेले आणि कामाला न आलेले डिझेल. कॉमन रेल पद्धतीने हा दोष मुळातून काढला. तिच्यात एक पंप डिझेल एका सामाईक नळीत १,६०० बार किंवा त्याहून अधिक दाबाने भरून ठेवतो, आणि इंजेक्टर कधी, किती क्षण उघडायचा हे संगणक ठरवतो. इंजिन हळू चालो वा जोरात, दाब हवा तितकाच मिळतो, आणि एका स्फोटासाठी डिझेल दोन-तीन हप्त्यांत सोडता येते. जपानमध्ये ट्रकांत १९९५ मध्ये आणि युरोपात मोटारींत १९९७ मध्ये ही पद्धत आली. तिने काय फरक पडतो याचा पुरावा आपल्याकडच्याच एका गाडीत आहे. महिंद्राने २०१० मध्ये थार आणली तेव्हा ती दोन इंजिनांत मिळत होती: एक जुन्या यांत्रिक घराण्यातले डीआय, दुसरे कॉमन रेलचे सीआरडीई. दोन्ही सुमारे अडीच लिटरची; पण पहिल्याची ताकद ६३ अश्वशक्ती आणि दुसऱ्याची १०५. टर्बो, इंटरकूलर आणि बाकीची घडणही त्यात आहे हे मान्य केले, तरी तेवढ्याच आकारमानातून इतकी जास्त ताकद, तीही कमी धुराने, काढता येते हे नाकारता येत नाही.

दुसरा दोष फुप्फुसांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. हा धूर शहरातल्या बससारखाच शेतातल्या ट्रॅक्टरचाही आहे, आणि हडंब्यावर, म्हणजे मळणी यंत्रावर, सोयाबीन काढताना ट्रॅक्टर एका जागी उभा राहून तासन्‌तास धुरतो तेव्हा तो धूर सर्वांत आधी पेंढ्या टाकणाऱ्या बायामाणसांच्या छातीत जातो. म्हणून सरकारने घातलेली उत्सर्जन मर्यादा ही शहरी लोकांची हौस आहे, हा आक्षेप मला पटत नाही. मात्र त्या मर्यादेचा आकडा पाहण्याजोगा आहे. ३७ किलोवॉटच्या, म्हणजे सुमारे ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रॅक्टरांच्या उत्सर्जन नियमांचा, म्हणजे ‘ट्रेम’चा, चौथा टप्पा लागू झाला. त्यात दर किलोवॉट-तासाला ०.०२५ ग्रॅम इतकीच काजळी चालते. आधीच्या टप्प्यात याच गटातल्या ३७ ते ७५ किलोवॉटच्या ट्रॅक्टरांना ०.४ ग्रॅम चालत होती. २५ ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांना मात्र जुन्या तिसऱ्या-अ टप्प्याची ०.६ ग्रॅमची मर्यादा ठेवली गेली. म्हणजे एकाच रानात ४८ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला ५५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या चोवीसपट काजळी सोडण्याची मुभा. ०.०२५ची मर्यादा पाळायची तर कॉमन रेल, संगणक आणि पुष्कळदा धुराची चाळणी यांशिवाय व्यवहारात गत्यंतर नाही, ०.६ची मर्यादा यांत्रिक पंपानेही पाळता येते. देशातले बहुसंख्य ट्रॅक्टर ५० अश्वशक्तीच्या आतले असल्याने जुना पंप अजून बाजारात टिकून आहे, तो या एका रेषेमुळे.

रेषेच्या पलीकडचे जग जिल्ह्यात ट्रॅक्टरच्या आधी मातीकामाच्या यंत्रांतून आले. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने राज्य सरकारबरोबर बुलढाणा जिल्ह्यातल्या तलाव-धरणांतला गाळ काढण्याचे मोठे काम हाती घेतले. राष्ट्रीय महामार्गाच्या भरावासाठी तलाव आणि नाले खोदून माती-मुरूम न्यायचा आणि त्याबरोबर पाणीसाठाही वाढवायचा, या रीतीला ‘बुलढाणा पॅटर्न’ असेच नाव पडले. मेहकर, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला आणि त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. या कामांनी जेसीबी आणि पोकलेन ही नावे गावागावांत घरोघरची केली, आणि कर्ज काढून एक-एक यंत्र घेणारे कितीतरी तरुण मालक तयार झाले. बांधकाम यंत्रांना उत्सर्जनाचा चौथा टप्पा १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला आहे. त्यामुळे त्यानंतर घेतलेल्या मोठ्या यंत्रांत इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक आहे, आणि नव्या इंजिनाशी जिल्ह्याचा खरा सामना या मालकांच्या वाट्याला आधी आला.

आता हिशेब करून पाहू. तो समजुतीसाठी आहे, आकडे गृहीत धरलेले आहेत. समजा, एका भाड्याच्या ट्रॅक्टरला जड कामात तासाला पाच लिटर डिझेल लागते आणि तो वर्षाला सहाशे तास चालतो. नव्या इंजिनाने दहा टक्के डिझेल वाचवले तर वर्षाला तीनशे लिटर वाचते. लिटरला ९० रुपये धरले तर २७,००० रुपये. ही बचत लहान नाही. आता समजा तोच ट्रॅक्टर पेरणीच्या दिवसांत चार दिवस उभा राहिला. दिवसाला दहा एकर पेरणी आणि एकराला हजार रुपये भाडे धरले तर ४०,००० रुपये गेले, म्हणजे दीड वर्षाची बचत चार दिवसांत संपली. आणि हे फक्त मालकाचे नुकसान झाले. ज्या चाळीस एकरांचा वाफसा निघून गेला, त्या शेतकऱ्यांचे नुकसान कोणत्याच बिलात येत नाही. पंजाबात कालव्याच्या पाण्यावर पेरणारा शेतकरी दोन दिवस थांबू शकतो. खारपाणपट्ट्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला ती सोय नाही. म्हणूनच एकच यंत्र एका प्रदेशात फायद्याचे आणि दुसऱ्यात धोक्याचे ठरू शकते. हा फरक यंत्रातला नाही. यंत्र उभे राहिले तर ते किती लांबच्या माणसावर अवलंबून आहे, यातला तो फरक आहे.

यावर कोणी म्हणेल की इलेक्ट्रॉनिक इंजिन मुळातच नाजूक असते. धूळ, उष्णता, उंदरांनी कुरतडलेले वायरिंग, पाणी मिसळलेले डिझेल, यांपुढे ते टिकत नाही. यातली डिझेलची गोष्ट खरी आहे. ज्या इंजेक्टरची भोके मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी असतात, त्याला कॅनमधून ओतलेले, कचरा-पाणी असलेले डिझेल सोसत नाही. जुने इंजिन तेच डिझेल कुरकुरत का होईना पिऊन टाकत असे. पण ही सवयीची बाब आहे, झाकणाचा स्वच्छ कॅन आणि वेळच्या वेळी बदललेला फिल्टर यांनी सुटणारी. बाकीच्या बाबतीत हा आरोप सिद्ध होत नाही. अशाच इंजिनांची जेसीबी-पोकलेन यंत्रे मे महिन्याच्या उन्हात, धुळीत रोज दहा-दहा तास गाळ आणि मुरूम उपसतात. शिवाय नवे इंजिन आपला दोष स्वतः सांगते. रेलमधला दाब पडला, क्रँकचा सेन्सर गेला, की त्याचा क्रमांक संगणकात नोंदला जातो. जुना मिस्त्री कान लावून, धुराचा रंग पाहून, नळ्या एकेक सैल करून जे शोधत असे, ते इथे मिनिटात कळू शकते. म्हणजे खरे तर नवे इंजिन दुरुस्तीला सोपे व्हायला हवे होते. अडते ते इथे: तो क्रमांक वाचणारा स्कॅनर आणि त्याचे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा कंपनीच्या अधिकृत केंद्रातच असते, आणि नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याचा सांकेतांक संगणकात भरल्याशिवाय काम पुरे होत नाही. दोन हजारांचा सेन्सर बदलायला दोनशे किलोमीटरवरून माणूस यावा लागत असेल तर दोष सेन्सरचा नव्हे.

कंपन्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. सॉफ्टवेअर सर्वांना मोकळे केले तर लोक ताकद वाढवण्यासाठी डिझेलचे प्रमाण बदलतील, धुराची चाळणी काढून टाकतील, आणि ज्या मर्यादेसाठी एवढा खर्च केला ती कागदावर राहील. ही भीती काल्पनिक नाही. जुन्या पंपाचे शिसाचे सील तोडून डिझेल वाढवण्याचे प्रकार होतच होते. पण त्या काळी सील तुटते म्हणून कॅलिब्रेशनचे तक्ते कोणी कुलपात टाकले नाहीत. दोष वाचणे, भाग बदलून तो नोंदवणे, ही एक गोष्ट; उत्सर्जनाचा मूळ नकाशा बदलणे ही वेगळी. पहिली मोकळी ठेवून दुसरी बंद ठेवता येते, आणि जगात तसे कायदे झालेले आहेत. युरोपियन संघाच्या २०१३ मधल्या १६७ क्रमांकाच्या नियमाने ट्रॅक्टर कंपन्यांवर स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना दुरुस्तीची माहिती देण्याचे बंधन घातले. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. आपल्याकडेही भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या गॅरेजांना न दिल्याबद्दल. पुढे अपिलात काही कंपन्यांच्या दंडाची रक्कम कमी झाली. पण अशी अडवणूक कायद्याला मान्य नाही हे तत्त्व उभे राहिले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिने पहिल्यांदा हाती घ्यायच्या चार क्षेत्रांत शेती अवजारांचा समावेश केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक पोर्टलही सुरू झाले. पोर्टलवर कंपनीने स्वखुशीने माहिती टाकणे आणि कायद्याने ती देणे बंधनकारक असणे, यांत मात्र मोठे अंतर आहे.

मग जुनेच इंजिन जपून वापरत राहावे, हा सोपा मार्ग उरतो, आणि पुष्कळ जण तोच सुचवतात. तो फार काळ चालणार नाही. ५० अश्वशक्तीची रेषा कायमची नाही. कडक मर्यादा लहान ट्रॅक्टरांपर्यंत आज ना उद्या येणार, आणि यायलाही हव्यात, कारण हडंब्याजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाच्या छातीला ट्रॅक्टरची अश्वशक्ती कळत नाही. तोपर्यंत जो अवधी मिळाला आहे तो पन्नास-साठच्या दशकासारखा वापरता येईल. त्या वेळी ज्यांनी पंपाचे टेस्ट बेंच तालुक्याला पोहोचवले, त्यांच्यासमोरचा प्रश्न आजच्यापेक्षा सोपा नव्हता. रस्ते कमी होते, फोन नव्हते, शिकलेली माणसे मोजकी होती. आज बुलढाणा, खामगावसारख्या ठिकाणी आयटीआय आहेत, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे, इंजिनाची भाषा समजणारे फिटर प्रत्येक तालुक्यात आहेत आणि त्यांची मुले मोबाइल उघडून जोडतात. एका तालुक्याला सगळ्या कंपन्यांची इंजिने वाचणारा एक स्कॅनर, तो चालवणारी दोन प्रशिक्षित माणसे आणि इंजेक्टर तपासणारे एक बेंच, इतके उभे करणे शेतकरी उत्पादक कंपनीच्या किंवा सहकारी संस्थेच्या आवाक्याबाहेरचे नाही. कंपन्यांकडून सॉफ्टवेअर आणि सांकेतांक वाजवी दराने मिळणे ही मात्र त्याची पहिली अट आहे, आणि ती अट कायद्यानेच पुरी होईल.

तोवर एक गोष्ट प्रत्येक खरेदीदाराच्या हातात आहे. नवा ट्रॅक्टर किंवा जेसीबी घेताना सबसिडी आणि हप्ता विचारतो तसेच लेखी विचारा: दोष वाचण्याचे साधन बाहेरच्या गॅरेजला मिळते का, इंजेक्टरचा सांकेतांक कोण भरू शकते, आणि जूनमध्ये यंत्र बंद पडले तर माणूस किती तासांत बांधावर येईल. याची लेखी उत्तरे जी कंपनी देणार नाही, तिचे यंत्र कितीही चांगले असले तरी कोरडवाहू शेतकऱ्याने घेऊ नये.